माउंट कुक ते क्राइस्टचर्च: मोटरहोम सहलीचे शेवटचे दिवस

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोटरहोम, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणारे आपले बरेचसे लोक क्वीन्सटाउन आणि मिलफर्डला भरपूर वेळ देतात आणि परतीचा टप्पा एका दमात उरकतात. माझं सांगणं असं की कार्यक्रम आखताना परतीपासूनच सुरुवात करा. विमान किती वाजता, गाडी कधी सोडायची, त्याआधी ती रिकामी करून धुवायला किती वेळ लागेल, हे आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. आम्ही तसं केलं, म्हणून डोंगरातली शेवटची रात्र निवांत मिळाली. बरोबर आई-बाबा होते, त्यामुळे हा निवांतपणा फारच मोलाचा होता.

ती रात्र आम्ही माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिलच्या मुक्कामाच्या तळावर (कॅम्पसाइटवर) काढली. राज्य महामार्ग ८ सोडला की पुकाकी तळ्याच्या काठाकाठाने गावापर्यंत ५५ किमीचा रस्ता आहे. हिमनदी खडक दळत पुढे सरकते, त्याची पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते, आणि त्यामुळे तळ्याला तो दुधाळ निळा रंग येतो. समोर ३७२४ मीटरचा आओराकी, म्हणजेच माउंट कुक. या रस्त्यावर वायव्येकडून वारा सुटला तर उंच गाडी अक्षरशः बाजूला ढकलली जाते. अशा वेळी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, वेग उतरवा, आणि मागे गाड्या साठल्या की जागा पाहून बाजूला थांबून त्यांना पुढे जाऊ द्या. साडेतीन टनांवरच्या गाडीला वेगमर्यादाही ताशी ९० किमीच आहे, १०० नाही.

हा तळ तिथल्या संवर्धन खात्याचा. स्वच्छतागृहं आहेत, पण विजेची जोडणी नाही. गाडीतला मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग बाहेरून वीज जोडल्यावरच चालतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं. आदली रात्र टेकापोला विजेच्या जागेवर काढून फोन, कॅमेरे आणि गाडीची बॅटरी पूर्ण भरून घ्या. डिझेलही टेकापो किंवा ट्वायझलला भरा. मोसमात जागेचं आरक्षण करूनच निघा.

हुकर व्हॅलीची वाट सगळ्यांना ठाऊक असते. ती कुठपर्यंत उघडी आहे हे निघायच्या आदल्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. पण वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर मी केआ पॉइंटच सुचवीन. तळावरूनच पायवाट निघते, जाऊन-येऊन तासाभराची. शेवटी म्युलर हिमनदीचं तळं आणि समोर माउंट सेफ्टनची बर्फाची भिंत. त्या भिंतीवरून अधूनमधून बर्फाचे कडे सुटतात. आधी पांढरी धूळ उडालेली दिसते आणि गडगडाट मागाहून येतो. ऊन्ह चांगलं पडलं होतं, तरी बाबा आभाळाकडे पाहत म्हणाले, "अगं, ढग तर नाहीत, मग गडगडलं कुठे?" मग त्यांना ती धूळ दाखवली, आणि पुढचा अर्धा तास ते बाकावरून उठायलाच तयार नव्हते.

रात्री जाड जॅकेट घालून बाहेर पडाच. हा सगळा भाग २०१२ पासून आंतरराष्ट्रीय गडद-आकाश राखीव क्षेत्र आहे, म्हणजे तारे नीट दिसावेत म्हणून इथे कृत्रिम उजेड कमी ठेवतात. आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो होतो. उत्तरेला मृग नक्षत्र होतं, पण पार उलटं. दक्षिणेला मॅगेलनचे दोन्ही मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका, नुसत्या डोळ्यांनी दिसत होते, जे आपल्याकडून असे कधी दिसत नाहीत. टॉर्चवर लाल कागद लावा आणि गाडीतले दिवे बंद ठेवा, शेजाऱ्यांनाही आकाश पाहायचं असतं.

तिथून क्राइस्टचर्च साधारण ३३० किमी. कारने चार तास, मोटरहोमने थांबत थांबत सहा धरा. टेकापो, बर्क्स पास, फेअरली, जेराल्डिन असा हा रस्ता. एकपदरी पूल आले की पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लाल आणि बारीक असेल तर समोरच्याला आधी येऊ द्यायचं. क्राइस्टचर्चजवळचं अकारोआ शेवटच्या दिवसात घालू नका. गाव सुंदर आहे, पण घाट चढ-उताराचा आणि वळणांचा, आणि मोठी गाडी घेऊन घाईघाईने करायचा तो रस्ता नव्हे. वेगळा दिवस असेल तरच जा.

गाडीतली शेवटची रात्र क्राइस्टचर्चच्या हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे मोटरहोमच्या खाजगी मुक्कामतळावर, विजेच्या जागेवर काढा. कपडे धुऊन वाळवून होतात, बॅगा ऐसपैस भरता येतात. सामायिक स्वयंपाकघरात बहुतेक ठिकाणी उरलेल्या शिध्याचं फुकट घेण्याचं फडताळ असतं. आम्ही तांदूळ, तेल, मीठ तिथे ठेवलं. पोह्यांचं पाकीट ठेवताना आईने मला त्यावर इंग्रजीत लिहायलाच लावलं की हे उकळायचे नाहीत, नुसते भिजवायचे. सकाळी पाकीट कुणीतरी नेलं होतं.

आता कामाचं. डंप स्टेशनला, म्हणजे गाडीतला मैला आणि सांडपाणी ओतायच्या जागी, हातमोजे घालून जा. शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, बाहेरच्या दारातून ओढून काढायची, नळकांडं फिरवून ओतायचं, आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं, नाहीतर सगळं उसळून अंगावर येतं. मग कॅसेट विसळायची आणि सांडपाण्याची टाकी सोडायची. विसळायचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळे असतात, पाटी वाचूनच पाइप लावा. हे सगळं पार्कमध्येच उरकलं तर गाडी सोडायच्या जागी धावपळ होत नाही.

डिझेल भाड्याच्या कंपनीच्या डेपोजवळच्या पंपावर भरा आणि पावती ठेवा. गॅसचा सिलिंडर भरून द्यायचा की नाही, ते करारात पाहा. आणखी एक खर्च आपल्या लोकांच्या हिशेबात नसतो. न्यूझीलंडमध्ये पेट्रोलच्या दरात रस्त्याचा कर धरलेला असतो, डिझेलच्या नाही. डिझेल गाडीला तो किलोमीटरवर भरावा लागतो आणि भाड्याची कंपनी तो शेवटी मीटर पाहून वसूल करते. करारातला दर पाहून पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

गाडी विमानाच्या आदल्या दिवशी सोडा. डेपो लवकर बंद होतात आणि सिंगापूरमार्गे मुंबईचा प्रवास मोठा असतो. आमच्या पुढचं कुटुंब काचेवरच्या एका टिचीवरून काउंटरवर बराच वेळ वाद घालत होतं, ती आधीपासून होती हे दाखवायला त्यांच्याकडे फोटो नव्हता. गाडी ताब्यात घेताना चारी बाजू, छत, काच आणि टायर यांचं चित्रण करा, सोडतानाही करा.

त्या मोकळ्या संध्याकाळी शहरात पायी फिरलो. एव्हन नदीच्या काठी २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात गेलेल्या १८५ जणांची नावं कोरलेली संगमरवरी भिंत आहे. आई प्रत्येक नाव वाचत पुढे सरकत होती, त्यामुळे तिथे तासभर गेला. वाटेत जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी उभं केलेलं पुठ्ठ्याच्या नळ्यांचं चर्च पाहायला मिळतं, २०१३ चं. दोन्ही मध्यवर्ती भागात आहेत आणि चालत होतात.

गाडीसाठी कार्डावर अडकवलेली अनामत सुटायला काही दिवस लागू शकतात. त्यामुळे परतल्यावर लगेच त्याच कार्डावर मोठा खर्च धरू नका, आणि गाडी सोडल्याचा सहीचा कागद ती रक्कम सुटेपर्यंत जपून ठेवा.