गावोगावचे वीरगळ शोधून फोटो काढताना... माझा अनुभव

वीरगळ बऱ्याच जणांनी बघितलेला असतो, फक्त तो वीरगळ आहे हे माहीत नसतं. लढाईत किंवा गावाची गुरं वाचवताना जो मेला त्याच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड. आपल्याकडे शिलाहार-यादव काळातले भरपूर, नंतरचेही आहेत. दगडावर खालून वर कप्पे असतात आणि ते खालूनच वाचत जायचे, तळाला वीर आडवा पडलेला, त्याच्या वर लढाई, मग अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन चालल्यात, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि शेंड्याला कलश, चंद्र, सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत ह्याचं नाव राहो. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर काही कोरलेलं नसतं त्यामुळं नावच राहिलं नाही, आणि मला ह्या छंदातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट हीच वाटते. नाव गेलं ते गेलं, निदान दगड कुठल्या गावात कुठं उभा आहे आणि गाव त्याला काय मानतं एवढं तरी नोंदवून राहिलं पाहिजे.

मला हा नाद लागला तो किकलीला. वाई तालुक्यात चंदन-वंदन गडांच्या पायथ्याला हे गाव आहे, तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात इतके वीरगळ आहेत की एका ठिकाणी उभं राहून तुलना करता येते. कुणाचा वीर घोड्यावर, कुणाचा पायी ढाल-तलवार घेऊन, कुठं तीन कप्पे कुठं चार. नवीन माणसानं सुरुवात तिथूनच करावी असं मी सगळ्यांना सांगतो, कारण एकदा डोळ्याला सवय झाली की मग पुढं एसटीच्या खिडकीतून पण दगड ओळखू येतो.

पुढं मी पुरंदर, भोर, मावळ असं सुट्टीच्या दिवशी फिरायला लागलो. शोधायची पद्धत हळूहळू बसत गेली. जुनं महादेवाचं किंवा भैरोबाचं देऊळ, गावाची वेस, तळ्याचा काठ, पिंपळाचा पार ही पहिली ठिकाणं, आणि जिथं देवळाचा नुकताच जीर्णोद्धार झालाय तिथं मागची बाजू आधी बघायची कारण बांधकामात निघालेले दगड तिकडंच ठेवलेले असतात. गावात विचारताना वीरगळ आहे का असं विचारून उपयोग होत नाही. मी फोनमध्ये किकलीचा एक फोटो वेगळा ठेवलाय, तो दाखवून म्हणतो मामा असा दगड कुठं बघितलाय का, की लगेच चार माणसं जमतात आणि त्यातला एकजण तरी म्हणतो असला आमच्या मळ्यात हाय की. कुणी त्याला वेताळ म्हणतं, कुणी म्हसोबा, कुणी नुसताच वीर. कोपरातून वळलेला बांगड्या भरलेला हात असलेला दगड दिसला तर ती सतीशिळा, ती पण बऱ्याचदा वीरगळाच्या शेजारीच असते.

पुरंदर तालुक्यातल्या एका वाडीत एक आजी गोवऱ्या थापत बसल्या होत्या, फोटो बघितला आणि काही न बोलता हात धुऊन उठल्या. देवळामागं घाणेरीच्या झुडपात घेऊन गेल्या. कमरेएवढा दगड, अर्धा जमिनीत, वर ताजं कुंकू. मी कॅमेरा काढला तर म्हणाल्या, "आधी पाया पड बाळा, मग काय काढायचं ते काढ." पाया पडलो. मग झुडूप हातानं बाजूला धरून त्या उभ्या राहिल्या आणि मी फोटो काढत असताना सांगत होत्या की बैलपोळ्याला त्यांच्या घरचा नैवेद्य ह्या दगडाला असतो, सासूनं सांगितलं म्हणून त्या ठेवतात, सासूला तिच्या सासूनं सांगितलं. खालच्या कप्प्यात नीट बघितलं तर पडलेल्या वीराच्या बाजूला गायी कोरलेल्या होत्या. म्हणजे गुरं सोडवताना मेलेला माणूस, आणि त्याला नैवेद्य बैलपोळ्याचा!! ह्या दोन्हीचा खरंच संबंध आहे का हे सिद्ध करता येणार नाही पण मी ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण आजींच्या नातवंडांपैकी कुणी गावात राहत नाही.

आता फोटोचं सांगतो कारण खरी मेहनत तिथं आहे. आपला दगड काळा बेसॉल्ट, वर शेकडो पावसाळे खाल्लेला, दुपारी बारा वाजता फोटो काढला तर नुसती काळी फळी दिसते. ऊन तिरकं पाहिजे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन बाजूनं घासून जातं तेव्हा कोरीव कामाच्या कडांना सावली पडते आणि ढाल कुठं संपते तलवार कुठं सुरू होते ते कळतं. दगड पत्र्याच्या शेडमध्ये किंवा झाडाखाली असेल तर ऊन येतच नाही, तिथं मी अंधार पडायची वाट बघतो आणि मित्राला टॉर्च घेऊन बाजूला बसवतो, टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटून, समोरून अजिबात नाही. फोन स्टँडवर, टायमर लावून, आणि टॉर्च एकदा डावीकडून एकदा उजवीकडून एकदा वरून. एका देवळात शेंदराचे थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे एकावर एक चढलेले होते, दिवसा बघताना वरच्या कप्प्यात काही आहे असं वाटतच नव्हतं, टॉर्च उजवीकडून लावला आणि वीराच्या दोन्ही बाजूंच्या अप्सरा दिसल्या, एकीच्या हातात चवरी. गुरवकाका रोज पूजा करतात, ते पण वाकून बघत राहिले, मग म्हणाले दुसऱ्या बाजूनं पण लाव की.

शेंदूर खरवडायचा नाही, हे कितीही मोह झाला तरी. तो त्या लोकांचा देव आहे. खडू, रांगोळी, चुना भरून आकृती उठावदार करायची पद्धत काही लोक वापरतात ती पण नको, तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड तर नाहीच नाही. माती-शेवाळ फार असेल तर गावातल्या माणसाला विचारून साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास.

प्रत्येक दगडाचा आधी लांबून एक फोटो ज्यात आजूबाजूचं देऊळ, झाड, रस्ता दिसेल, मग पूर्ण दगड समोरून खाली बसून, शेजारी मोजपट्टी उभी करून, मग एकेक कप्पा, मग मागची आणि बाजूची बाजू कारण काही वीरगळ चारी बाजूंनी कोरलेले असतात. जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, आणि हा दगड आधीपासून इथंच होता की कुठून आणून ठेवला. हा शेवटचा प्रश्न वयस्कर माणसालाच विचारायचा. आमच्या नोंदीतला एक वीरगळ आज ग्रामपंचायतीसमोर आहे पण तो मूळ नदीकाठचा, धरणात जुनं गाव गेलं तेव्हा लोकांनी बैलगाडीतून वर आणला, हे दगडाकडं बघून कुणालाच कळलं नसतं.

राज्यात संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा कायदा आहे पण गावातले सुटे वीरगळ बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत. म्हणून मी प्रत्येक गावाची माहिती फोटोसकट छापून सरपंचांना आणि देवळाच्या ट्रस्टींना देतो. एका गावात देवळाला फरशी बसवायचं काम चालू होतं आणि दोन वीरगळ पायरीला वापरणार होते, छापलेला कागद दाखवून कप्पे समजावून सांगितले तर तिथल्या पोरांनीच ते उचलून पारावर सिमेंटचा ओटा करून उभे केले. मात्र रानात एकट्या असलेल्या दगडाचं नेमकं लोकेशन मी सगळीकडं टाकत नाही, गुप्तधनाच्या नादानं लोक असले दगड उकरतात.

बोरिवलीत एकसरला वीरगळांवर जहाजं कोरलेली आहेत, समुद्रावरची लढाई, ती एकदा तरी बघाच. येत्या हिवाळ्यात मला गद्धेगाळांच्या मागं लागायचंय. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी चित्रात कोरलेली, असे हे दगड कोकणात भरपूर आहेत. अलिबागजवळ आक्षीचा शिलालेख गद्धेगाळच आहे, जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी त्याचं साल शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ वाचलं, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो धरतात आणि तो कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता. तिथं कोरीव अक्षरं आहेत त्यामुळं टॉर्च अजून जास्त तिरका धरावा लागणार. अलिबाग-चौल-रेवदंड्याकडं कुणाच्या गावात असा दगड असेल तर गावाचं नाव आणि दगडाची सध्याची जागा तेवढी कळवा, सकाळच्या पहिल्या बोटीनं येतो.