२७ पानं मागं जाऊन उद्याचा अंदाज

राम राम मंडळी. मागं म्हणलो होतो ना, रोज रात्री उद्याचा शॉर्टवेव्ह रेडिओचा अंदाज, म्हणजे कुठला देश ऐकू येईल ते, आपणच वहीत लिहायचा आन् सकाळी ताडून बघायचं, तर दीड महिना झाला, करायलोय. उदगीरजवळचं गाव, माळवदावरून लिंबाच्या झाडाला बांधलेली वीसेक मीटर तार आणि जुना टेकसन पीएल-६६० रेडिओ, एवढंच भांडवल.

ऐकतो १४.१०० मेगाहर्ट्झवरचे बीकन, म्हणजे ठरल्या वेळेला खुणेचा सिग्नल सोडणारी रेडिओ केंद्रं. नव्या लोकांसाठी सांगतो, जगात १८ ठिकाणी बसवलेत, प्रत्येकाला १० सेकंद, तीन मिनिटांनी परत त्याचाच नंबर. मला मोर्स धड येत नाही पण घड्याळावरून कळतं, दीड मिनिटाला श्रीलंका, मग दक्षिण आफ्रिका, केनिया, इस्रायल, २ मिनिटं १० सेकंदाला फिनलंड. सुरुवात १०० वॅटला, मग १०, मग १, शेवटी ०.१ वॅट. किती पायऱ्या ऐकू आल्या तेवढे मार्क.

सुरुवातीला मी नुसता केपी बघायचो, म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व किती हललंय त्याचा ० ते ९ मधला आकडा. ५ दिसला म्हणजे जी-१ चुंबकीय वादळ (जी-१ सगळ्यात हलकं, जी-५ सगळ्यात मोठं), लगेच वहीत “उद्या सगळं बंद” लिहून झोपायचो. सकाळी बघतो तर फिनलंड खरंच गायब, पण श्रीलंका १ वॅटपर्यंत ठणठणीत! असं तीनदा झालं तवा डोक्यात शिरलं की केपीची एवढी भीती युरोप-कॅनडावाल्यांची आहे, त्यांचे सिग्नल ध्रुवाच्या बाजूनं जातात, तिथं वादळात सिग्नल शोषले जातात आणि सिग्नल परत खाली वळवणारा आभाळातला वरचा एफ थर विरळ झाला की १४ मेगाहर्ट्झ परत खाली न येता सरळ आभाळात निघून जातं. आपण मराठवाड्यातले चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ, कोलंबो इथून साधारण १३०० किमी, तो रस्ता ध्रुवाकडं फिरकतसुद्धा नाही. उलट वादळात आपल्याकडं कधीकधी बँड (म्हणजे या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावरचं ऐकू येणं) सुधारतो. म्हणून आता एका दिवसाचा एक अंदाज लिहीत नाही, दिशेप्रमाणं वेगळा लिहितो. याच्यानं लई फरक पडला.

फ्लेअरचं, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटाचं, मात्र उलटं आहे. एक्स-रे ८ मिनिटं २० सेकंदांत येतात आन् ज्या बाजूला ऊन तिथंच सिग्नल शोषणारा खालचा डी थर घट्ट होतो, म्हणजे दुपारी आपणच बरोबर निशाण्यावर. खालची फ्रिक्वेन्सी आधी मरते, परत येते सगळ्यात शेवटी. ११ मे २०२४ आठवतंय का? आदल्या रात्री साडेदहाच्या सुमाराला मोठं वादळ सुरू झालेलं, जी-५ पर्यंत गेलं, लडाखचे लाल आभाळाचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होते, आणि सकाळी ६:५३ ला वरून एक्स ५.८ चा फ्लेअर (एक्स म्हणजे सगळ्यात जोराचा वर्ग). आपली चर्चा सगळी वादळाचीच, फ्लेअरचं कुणाच्या लक्षातच नाही. फ्लेअरचा अंदाज टक्क्यांत येतो, “एक्स ची शक्यता इतके टक्के”, म्हणजे आपल्या पावसाच्या अंदाजासारखंच, ढग आले तरी पडेल तेव्हा खरं.

सौरवाऱ्याचं, म्हणजे सूर्याकडून सुटणाऱ्या भारित कणांचं, तसं नाही. सूर्याच्या दिशेला १५ लाख किमीवर एल-१ नावाच्या जागेपाशी उपग्रह बसलेत, आपला आदित्यपण २०२४ च्या जानेवारीपासून तिथंच. वारा सेकंदाला ४०० किमी असला तर तिथून इथं यायला तासभर, ७०० असला तर ३५-४० मिनिटं. तेवढ्यात चहा होतो. फक्त बीझेड, म्हणजे वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण कल, दक्षिणेला झुकलाय का बघायचं, उत्तरेला असला तर जोराचा वारा पण बहुतेक फुसका निघतो.

आता खरी मजा. सूर्य आपल्याला २७ दिवसांत एक फेरी मारल्यासारखा दिसतो, म्हणून कोरोनल होल, म्हणजे जिथून जोराचा सौरवारा सुटतो तो सूर्यावरचा भाग, तेच ते परत समोर येतं. रोज एक पान, म्हणून मी २७ पानं मागं उलटतो आणि तिथं जे लिहिलंय त्यावरून उद्याचं ठरवतो. या महिन्यात दोन वादळं अशी एकेका दिवसाच्या फरकानं पकडली.

आणि एक फजिती. परवा दुपारी बँडवर काहीच नाही, नुसतं टक्... टक्... टक्. मी खुशीत वहीत “फ्लेअर!!” लिहिलं, मोबाईलवर एक्स-रेचा ग्राफ उघडला तर एकदम सपाट. शेवटी रेडिओ हातात घेऊन बांधाबांधानं फिरलो, तर शेजारच्या आण्णांनी रानडुकरांसाठी सोयाबीनला झटका मशीन लावलेलं, सेकंदाला एक ठोका. आण्णा म्हणले, “तुझ्या रेडिओसाठी डुकरं आत सोडू का?” काय बोलणार. आता वहीत “झटका” असा वेगळा रकाना केलाय. लाईट गेल्यावर बँड असला स्वच्छ होतो की काय सांगू, लोडशेडिंगवर खुश होणारा गावात मी एकटाच.

उद्याचं: २७ पानांमागं केपी ५ लिहिलाय. म्हणून श्रीलंका येणार, केनिया येणार, इस्रायल ०.१ ला नाही पण १० वॅटला येईल, फिनलंडला काट. सकाळी साडेआठला लावतो, आण्णांचं मशीन त्या वेळी बंद असतं.