कास्तेलबुओनो: सालीवर पिकणारी साखर

सिसिलीला जाणारे बहुतेक प्रवासी पालेर्मो, ताओर्मिना आणि एटना पाहून परततात. ताई आणि मी मात्र गेल्या सप्टेंबरच्या सुरुवातीला पालेर्मोहून रेल्वेने चेफालूला उतरलो, तेथील प्रसिद्ध किनाऱ्याकडे पाठ फिरवली आणि बसने मादोनिए डोंगररांगेतील कास्तेलबुओनो या गावी चार दिवसांच्या मुक्कामाला गेलो. सुमारे ४२० मीटर उंचीवरचे हे गाव व्हेंतिमिल्या घराण्याने १३१६ मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्याभोवती वसलेले आहे. आम्ही किल्ला पाहिला, त्यातील प्रार्थनामंदिरातील सेर्पोत्ता बंधूंचे नाजूक गिलावकामही पाहिले. परंतु आम्हाला तेथवर ओढून नेले होते ते ‘मान्ना’ या पदार्थाने.

मान्ना म्हणजे अ‍ॅश वृक्षाचा सुकलेला रस. हा वृक्ष ऑलिव्हच्या कुळातला, म्हणजेच आपल्या जाई-जुई आणि प्राजक्ताचाही भाऊबंद. एका शेतकऱ्याने आम्हाला त्याच्या बागेत नेऊन सारी पद्धत दाखवली. उन्हाळ्याच्या ऐन मध्यात खोडाच्या तळाशी सुऱ्याने आडवा छेद देतात आणि त्यानंतर रोज थोडा वर नवा छेद देत जातात. त्यातून पाझरणारा पातळ, निळसर रस सुरुवातीला चक्क कडवट लागतो. उन्हात वाळता वाळता तो पांढरा आणि गोड होतो. खोडावरून ओघळणारा रस मातीत वाया जाऊ नये म्हणून बुंध्याशी निवडुंगाची रुंद पाने मांडून ठेवण्याची जुनी रीत आहे. अलीकडे छेदाखाली धातूची छोटी पन्हळ खोचून तिला दोरा लटकवतात, त्यामुळे सालीचा कचरा न लागता मान्नाची स्वच्छ, लांबट कांडी तयार होते. बाभळीचा डिंक गोळा करणारे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे काम अनोळखी वाटणार नाही, मात्र डिंकाचे लाडू करायला आधी साखर किंवा गूळ लागतो, येथे झाडच साखर देते.

औषधात आणि बिनसाखरेच्या गोळ्यांत वापरल्या जाणाऱ्या मॅनिटॉलचे नाव या मान्नावरूनच पडले. तो कारखान्यांत अन्य शर्करांपासून स्वस्तात बनू लागल्यावर येथील बहुतेक बागा ओस पडल्या, आणि आज कास्तेलबुओनो व शेजारच्या पोल्लीना परिसरातील मोजकी कुटुंबेच हे काम करतात. दुकानात ताईने एक खडा तोंडात टाकला, लगेच दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तेव्हा दुकानदार बाईंनी हसत तिला थांबवले. मान्ना हे पिढ्यान्‌पिढ्या सौम्य रेचक म्हणूनही विकले गेले आहे, ही माहिती आम्हाला वेळेवर मिळाली, हे आमचे भाग्यच.

तिसऱ्या दिवशी आम्ही पियानो सेंप्रियापर्यंत गाडीने जाऊन तेथून पियानो पोमोची पायवाट धरली. ओकच्या दाट सावलीतून जाणारी ही चढण सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला कठीण वाटू नये. वर नाताळच्या सजावटीत दिसणाऱ्या हॉलीची राई आहे. एरवी झुडूप म्हणून ओळखली जाणारी ही वनस्पती येथे चौदा-पंधरा मीटर उंच वाढली असून त्यातील कित्येक झाडे शतकांपूर्वीची आहेत. खालच्या फांद्यांची पाने काटेरी आणि वरची गुळगुळीत असतात, कारण जनावरांचे तोंड जेथे पोहोचत नाही तेथे काट्यांची गरज उरत नाही. पुढे १५०० मीटरच्या वर असलेल्या कोत्सो लुमिनारिओच्या माथ्यावरून एका बाजूला समुद्र दिसला. एटना ढगात होता.

शिदोरी घेण्याचा विसर पडल्यामुळे आम्ही दुपारी तीन वाजता उपाशीपोटी गावात परतलो, तर सगळी दुकाने बंद. पुण्यात वाढलेल्या माणसाला यावर तक्रार करण्याचा नैतिक अधिकार नसल्याने मुकाट्याने वाट पाहिली. रात्री मात्र भरपाई झाली. आम्ही दोघी शाकाहारी असल्याचे कळताच खानावळीतील आजींनी डोंगरातील अळंब्यांचा पास्ता, त्याच परिसरातील प्रोव्होला चीज आणि शेवटी ‘तेस्ता दी तुर्को’ वाढले. तळलेल्या कुरकुरीत पापुद्र्यांवर दुधाची दाट खीर आणि वर दालचिनी, असा हा गावाचा खास गोड पदार्थ आहे. ताईने त्याला चिरोट्याची सिसिलियन बहीण ठरवले, आणि मला ते पटले.

निघण्याच्या सकाळी डोंगरावर काळे ढग दाटून आले होते. पावसाची एक सर खोडावरचे मान्ना धुऊन नेते. बसच्या खिडकीतून रस्त्याकडेच्या बागेत एक म्हातारे जोडपे आणि दोन मुले घाईघाईने कांड्या खुडून टोपलीत भरताना दिसली. आम्ही चेफालूला पोहोचलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता.