गेम खेळताना पीसी आपोआप रिस्टार्ट होतोय? विंडोज मारायच्या आधी पॉवर सप्लायचा स्टिकर वाचा

गेम रंगात आलेला असतोय, स्क्रीन एकदम काळी होते, फॅन थांबतात आणि दोन सेकंदांत पीसी परत आपोआप चालू. एरर नाही, मेसेज नाही, काय नाही. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळपासून खानापूर, तिकडं निपाणीपर्यंतची पोरं मला हेच विचारायलेत म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. आणि जवळपास प्रत्येकाला पहिला सल्ला एकच मिळालेला असतोय, विंडोज मार, म्हणजे सगळं पुसून नवीन टाक. अरे बाबांनो, ब्राउझर चालतोय, पिक्चर चालतोय, दिवसभर ऑफिसचं काम होतंय आणि फक्त गेममध्येच मशीन पडतंय, तर डोळे झाकून विंडोज मारू नका, त्यात गेलेले गेमचे सेव्ह आणि लग्नाचे फोटो परत मिळत नाहीत.

माझ्या मावसभावाचंच उदाहरण सांगतो, कारण त्यात सगळं आलं. तो उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, ओव्हरटाइमच्या पैशातून पीसी जमवलेला, रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड. हलके गेम मस्त चालायचे, खरं मोठा गेम लावला की कधी पाच मिनिटांत तर कधी तासाभरानं रिस्टार्ट. विंडोज मारून झालेलं. एका दुकानात ग्राफिक्स कार्ड गेलंय म्हणून सांगितलेलं आणि तो नवीन कार्डासाठी पैसे जमवायच्या तयारीत होता. मी म्हटलो थांब, एक रुपया खर्च करू नकोस, आधी मशीन मरतंय कसं ते बघूया.

पहिलं काम म्हणजे निळी स्क्रीन येतेय का ते कळलं पाहिजे. विंडोज निळी स्क्रीन दाखवून लगेच रिस्टार्ट मारतं, त्यामुळं कधीकधी ती दिसतच नाही. रनमध्ये एसवायएसडीएम डॉट सीपीएल टाका, ॲडव्हान्स्डमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा आणि ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढा. आता परत गेम लावा. निळ्या स्क्रीनवर थांबलं तर तिथं कोड मिळतोय, मग ड्रायव्हर किंवा रॅमच्या मागं लागायचं. टिक काढूनसुद्धा मशीन सरळ काळं होऊन रिस्टार्ट झालं तर विंडोजला काय झालं हे कळायच्या आधीच करंट तुटलाय किंवा मदरबोर्डानं स्वतः रिसेट मारलाय. मावसभावाचं तसंच झालं.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही. तिथं कर्नल-पॉवर ४१ दिसला की लोक घाबरून तोच नंबर शोधत बसतात. ४१ म्हणजे रोग नव्हे, मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं एवढंच विंडोज उठल्यावर लिहून ठेवतंय. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. तो ० असेल तर निळ्या स्क्रीनची नोंदच झालेली नाही, म्हणजे संशय पॉवरकडं जातोय. सोबत व्हीया-लॉगर (WHEA-Logger) १८, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची नोंद असेल तर मात्र प्रोसेसर आणि रॅमचं सेटिंग बघायचं, बायोस अपडेट करायचं, एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडला चालवायचं सेटिंग, बंद करून बघायचं, अंडरव्होल्ट केलेलं, म्हणजे व्होल्टेज कमी ठेवलेलं असेल तर काढायचं. निपाणीच्या एका मित्राचं एक्सएमपी बंद केल्यावर सगळं शांत झालं, मेमटेस्ट ह्या रॅम तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रॅमची काडी लाल एरर दाखवत होती, वॉरंटीत बदलून आली, विषय संपला.

तापमानाचं पण बघून घ्या. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून लॉगिंग, म्हणजे आकडे फाइलमध्ये लिहिणं, चालू करायचं आणि गेम खेळायचा, रिस्टार्ट झाल्यावर ती फाइल उघडून शेवटची ओळ वाचायची. मशीन पडायच्या क्षणाआधी काय चालू होतं ते तिथं लिहिलेलं असतंय. आमच्या फाइलमध्ये प्रोसेसर सत्तरच्या आत, कार्ड पण सत्तरच्या आसपास, म्हणजे गरम होऊन पडत नव्हतं. तसंही आजकालचे प्रोसेसर आणि कार्ड तापले की आधी स्पीड कमी करतात, गेम अडकायला लागतोय, फ्रेम पडतात. सुरळीत चाललेला गेम एका झटक्यात काळा होणं हे तापण्याचं लक्षण सहसा नसतंय.

आता माझी सगळ्यात आवडती टेस्ट, हिला एक पैसा लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, कार्डाचं पॉवर लिमिट १०० टक्क्यांवरून ७० वर आणा, गेममध्ये ६० फ्रेमची मर्यादा लावा आणि तोच गेम, तीच जागा खेळा. कार्ड खराब असलं तर बहुतेकदा असं करूनही काहीतरी गडबड दिसतेच, स्क्रीनवर ठिपके, रेघा, ड्रायव्हर क्रॅश. मावसभाऊ त्या दिवशी रात्रीपर्यंत खेळत बसला, एकदाही पडलं नाही. पॉवर लिमिट परत १०० केल्यावर थोड्या वेळातच धाडकन. म्हटलो बघ, कार्ड जिवंत आहे, त्याला खायलाच पुरत नाही.

मग कॅबिनेटची मागची बाजू उघडून मोबाइलच्या टॉर्चनं पॉवर सप्लायचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, स्टिकर वाचला. मोठ्या अक्षरात ५०० वॅट. खाली बारीक अक्षरात तक्ता असतोय, तो कोणी वाचत नाही आणि खरी गोष्ट तिथंच लिहिलेली असते. १२ व्होल्टच्या खाली ३० अँपिअर. बारा गुणिले तीस, ३६० वॅट. कार्ड आणि प्रोसेसर जवळपास सगळी पॉवर ह्या १२ व्होल्टवरूनच घेतात, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर दाखवून आकडा ५०० पर्यंत नेलेला. कार्डाला २०० वॅट, प्रोसेसर फुल लोडला ७६ च्या आसपास, बोर्ड, फॅन, एसएसडी धरून सव्वातीनशेच्या घरात जातंय. सरासरीला बसतंय खरं कार्ड सरासरीवर चालत नाही. गेममध्ये एकदम स्फोट झाला, नवा सीन आला की काही मिलिसेकंद ते २०० च्या कितीतरी वर उडी मारतंय. मी भावाला म्हटलो, तुमच्याकडं मोटार डायरेक्ट स्टार्ट केली की पहिला झटका पाच-सहा पट घेते की नाही, तसंच. त्याला लगेच पटलं. ती उडी आली की १२ व्होल्ट खाली बसतात, ठरलेल्या नियमानं ते ११.४ च्या खाली जायला नको, आणि सप्लाय बोर्डाला पॉवर ठीक आहे म्हणून जो सिग्नल सतत देत असतोय तो तुटतो. सिग्नल तुटला की बोर्ड त्याच क्षणी रिसेट मारतोय, विंडोजला विचारत नाही. म्हणून निळी स्क्रीन नाही. रिस्टार्ट न होता पूर्ण बंद पडत असेल आणि मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठत नसेल, तर सप्लायचं प्रोटेक्शन ट्रिप व्हायलंय, ते पण त्याच कुटुंबातलं.

नवीन सप्लाय घ्यायच्या आधी दोन गोष्टी करून बघितल्या, तुम्ही पण करा. त्याच्या कार्डाला ८ पिनचे दोन सॉकेट आणि दोन्हीत एकाच केबलची दोन टोकं खोचलेली. ८ पिनचं एक टोक १५० वॅटसाठी असतंय, स्लॉटमधून ७५ मिळतात, तेव्हा दोन वेगळ्या केबल असतील तर वेगळ्याच लावा. वेगळ्या लावल्यावर फरक पडला, रिस्टार्ट कमी झाले, खरं थांबले नाहीत. दुसरं म्हणजे यूपीएस बाजूला काढून पीसी सरळ भिंतीच्या सॉकेटला लावला. घरोघरी असतोय तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा, त्यावर पीसी, मॉनिटर आणि वर राउटर. व्होल्टेज खालीवर झालं की त्यातला रिले टक करून वाजतोय आणि काही जणांचं मशीन नेमकं त्या टकलाच पडतंय, तुमच्यात तसं आहे का कान देऊन ऐका.

सॉकेटवरून अर्थिंगचा विषय निघाला. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात असं भाऊ पावसाळ्यापासून सांगत होता. सप्लायच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट बॉडीवर सोडतात आणि अर्थिंगनं तो जमिनीत जायला पाहिजे. अर्थ नसला की बॉडीवर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात आणि फरशीवर अनवाणी उभं राहिलं की कळतंय. आमच्या जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतोय आणि तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नसते. वायरमन काकांना बोलवलं, त्यांनी मीटर लावून बघितलं, म्हटले, "अरे पोरा, अर्थला काय लावलेलंच नाही की रे इथं." जोडून दिलं, झिणझिण्या बंद. रिस्टार्ट त्यानं थांबले नाहीत, तसे थांबणारही नव्हते, खरं घरात माणसं राहतात, लहान पोरं कॅबिनेटला हात लावतात, हे काम पीसीसाठी नाही तर त्यांच्यासाठी करायचं आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन नाही, वायरमनकडून.

शेवटी ६५० वॅटचा सप्लाय आणला, १२ व्होल्टवर ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट, जवळपास सगळेच. ह्या कार्डाला एनव्हिडियाचीच शिफारस ६०० वॅटची आहे. एटीएक्स ३.० वाला घेतला, २०२२ मधल्या त्या नियमात असल्या क्षणभराच्या उड्या पेलायची अट घातलेली आहे. ८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड ह्या खुणेवर मात्र जाऊ नका, ती वीज किती वाया जाते त्याची खूण, सप्लाय दणकट आहे ह्याची नाही. लावल्यापासून एकदाही पडलेलं नाही, पॉवर लिमिट पूर्ण ठेवून. मला मनापासून वाटतंय की पीसी जमवताना आरजीबी फॅन आणि काचेचं कॅबिनेट दोन महिने उशिरा घ्या, सप्लाय आधी चांगला घ्या.

आणि बदलताना जुन्या सप्लायच्या केबल काढून ठेवून फक्त डबा बदलायचा आळस करू नका. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या सप्लायची सप्लायकडची पिनची रचना कंपनीनुसार, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पण वेगळी असते. टोक बरोबर बसतंय म्हणून लावलं आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले तर एसएसडी, हार्ड डिस्क जागेवर जळते. नवीन डब्याबरोबर आलेल्या केबलच लावायच्या, कॅबिनेट पूर्ण उसवावं लागलं तरी.