शिकलेली भीती, ऐकू येणारे आवाज

प्रयोगशाळेत वाढलेल्या, साप कधीच न पाहिलेल्या ऱ्हीसस माकडांना खेळण्यातला साप दाखवला तर ती विशेष बिचकत नाहीत. पण त्याच सापापुढे दुसरे माकड भेदरल्याची चित्रफीत पाहिली की तीही त्याला भिऊ लागतात. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांच्या १९८०च्या दशकातील या प्रयोगाचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. चित्रफितीची जोडणी बदलून तेच माकड फुलांना घाबरते आहे असे भासवले, तेव्हा पाहणारी माकडे फुलांना भ्यायला शिकली नाहीत. मानसिक आजार उत्क्रांतीतून येतात की संस्कृतीतून, हा प्रश्न म्हणूनच मला चुकीचा मांडलेला वाटतो. शिकण्याची तयारीच वारशाने आलेली असते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी चिंतेची तुलना धुराच्या गजराशी करतात. करपलेल्या पोळीच्या धुराने तो वाजला तर क्षणभर त्रास होतो, खऱ्या आगीत वाजला नाही तर जीव जातो. म्हणून वारंवार उगाच वाजणारा गजरच टिकून राहतो.

मात्र प्रत्येक आजारात असा फायदा शोधणे मला रुग्णांवर अन्याय करणारे वाटते. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम होणे, नसलेले आवाज ऐकू येणे अशी लक्षणे असलेला गंभीर मानसिक आजार, असलेल्यांना सरासरीने कमी मुले होतात, तरीही तो टिकून आहे. याचे पटण्याजोगे कारण असे की त्याचा धोका अत्यल्प परिणाम करणाऱ्या असंख्य जनुकीय फरकांत विखुरलेला आहे आणि नैसर्गिक निवडीला ते सगळे वेचून काढता येत नाहीत. त्यात कसलेही छुपे वरदान असण्याची गरज नाही.

पण या आजाराचा अनुभव कोणते रूप घेतो, हे जनुकांवरून कळत नाही. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ, घानातील आक्रा आणि भारतातील चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांना त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांविषयी विचारले. अमेरिकेत ते आवाज बहुधा हिंसक होते आणि बिघडलेल्या मेंदूचे लक्षण मानले जात होते. आक्रामध्ये अनेकांना देव बोलताना ऐकू येत होता. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे आवाज येत, ते रागावत, सल्ला देत आणि घरातली कामे करायला सांगत. त्रास तिथेही होताच, पण तो ओळखीच्या माणसाच्या आवाजातला होता. रुग्णाला आवाज येतात का, एवढेच विचारून थांबणाऱ्या तपासणीत हा फरक कधी नोंदलाच जात नाही.