धोमच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जाताय? मग आधी पेंड घ्या

उन्हाळ्याच्या तोंडाला वाईजवळच्या धोम धरणाच्या बॅकवॉटरला मी, दाजी आणि भाचा असे गळ घेऊन गेलो होतो. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतोय काय सामान नेलं, मासा लागतो का, आमिष कुठलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

भाचा हिमाचलला ट्राउट धरून आलेला, त्यामुळं त्याच्या बॅगेत सगळं तिकडचंच सामान. चकाकणारे स्पिनर (पाण्यात फिरणारी पत्र्याची खोटी आमिषं), डबीतलं तयार रंगीत पीठ आणि केसासारखा बारीक तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. आता ट्राउट हा थंड पाण्याचा मासा, काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार असल्या ठिकाणी टिकतो, पाणी वीस अंशांच्या पुढं तापायला लागलं की त्याचा जीव कासावीस होतो, तो धोममध्ये कुठनं येणार. आपल्या धरणांत नि तलावांत बीज सोडतात ते कटला, रोहू, मृगळ यांचं, कुठं कुठं सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प). यातलं कुणी सहसा चकाकत्या पत्र्याच्या मागं पळत नाही. स्पिनर फेकून हात दुखवून घ्यायचे असतील तर फेका, एखादी मरळ आली तर आली.

पण त्या डबीतल्या पिठामागचा विचार मात्र मला पटला. ट्राउट हॅचरीत गोळीखाद्य खाऊन वाढलेला असतो, म्हणून तलावात सोडल्यावरही तसल्याच वासाच्या पिठावर येतो. आपल्याकडचं बीज कशावर वाढतं? भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, मत्स्यशेतीवाले हेच निम्मं निम्मं मिसळून घालतात. मग महागडं इसेन्स कशाला, वाईच्या बाजारातनं पेंड घ्या की. फक्त ताजी बघून घ्या, बुरशीचा कुबट वास आला तर परत ठेवा.

आमचं पीठ असं. पेंड रात्री थोड्या पाण्यात भिजवली, सकाळी त्यात कोंडा, भाजलेल्या चण्याचं पीठ, चिकटपणाला मूठभर कणीक, थोडा गूळ आणि कुटलेली बडीशेप. दाजींना हिंग पाहिजेच असतो, मला त्यानं फार फरक पडतो असं वाटत नाही, पण दाजींशी कोण भांडणार. पाणी थेंबाथेंबानं घालायचं. गोळी झाली की ग्लासभर पाण्यात टाकून बघायची, लगेच विरघळली तर कणीक कमी पडली, अर्ध्या तासानंही दगडासारखी तशीच राहिली तर जास्त झाली, दहाएक मिनिटांत कडेनं भुगा सुटायला लागला की पीठ जमलं. तो भुगाच माशाला बोलावतो.

आता पुढचं महत्त्वाचं, कारण बरेच जण पीठ चांगलं करतात आणि गळ भलतीकडं टाकतात. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ आणि सायप्रिनस तळाला. म्हणजे कटल्याला फ्लोट (तरंगणारं बूच) लावून आमिष दोन-तीन फुटांवर लटकवायचं, पीठ जरा सैल नि भुरभुरीत ठेवायचं आणि गळ मोठा, दोन किंवा चार नंबरचा (नंबर जितका कमी तितका गळ मोठा), तोंड मोठं असतं त्याचं. रोहूला सहा-आठ नंबरचा गळ आणि फ्लोट खाली-वर सरकवून खोली शोधायची. मृगळाला तळावर, आरपार भोकाचं शिसं तंगुसात मोकळं सरकतं ठेवायचं, त्याखाली मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), मग वीतभर तंगूस आणि गळ. असं केलं की मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला शिशाचं वजन लागत नाही. रॉडच्या टोकाला घुंगरू अडकवा. रोहूचा चावा ओळखायचा तर फ्लोट आधी दोन-तीनदा थरथरतो, मग तिरका सरकत पाण्याखाली जातो, झटका तेव्हा द्यायचा, थरथरताना नाही.

बाकी सामानाला आठ-नऊ फुटी रॉड, चार हजार साइजचं रीळ आणि 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा तंगूस भरपूर झाला. भाच्याचा बारीक तंगूस इथं चालत नाही, पाणी खाली गेलं की बुडालेली खोडं नि दगड वर येतात, घासून तुटतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे तंगूस सुटताना लागणारा ब्रेक, थोडा सैलच ठेवा, मोठा कटला पहिल्या धावेला अडवायचा नसतो.

चिलापीचा (तिलापिया मासा) त्रास होणारच, बारकी बारकी टोळी गोळी कुरतडून नेते. पीठ घट्ट करा, गोळी लिंबाएवढी करा, नाहीतर सरळ जागा बदला.

जागेचं म्हणाल तर साताऱ्याहून पाचवडमार्गे वाई, तिथनं धोम आठ-नऊ किलोमीटर. पण पाण्याजवळ जायच्या आधी परवानगी. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडं असतो, बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. आम्ही काठावर उतरलो तर एक काका होडीतनं आले, "पावनं, कुठनं आला? इचारलंय का कुणाला?" आम्ही आधीच त्यांच्या माणसाशी बोललो होतो म्हटल्यावर त्यांनीच मग कुठल्या बाजूला जुनी ओढ्याची वाट पाण्याखाली आहे ते दाखवलं, आणि मासे लागले ते तिथंच. जाळ्यांपासून लांब बसा. कोयनेच्या बाजूला अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाचा भाग येतो, तिकडं गळ घेऊन जायचा विचारसुद्धा करू नका.

कॅनॉलला आवर्तन सुटलं की पाणी रोज खाली सरकतं, मागं राहतो तो गाळ वरनं वाळलेला दिसतो आणि पाय घातला की गुडघ्यापर्यंत आत. काठी टोचून मगच पुढं जा, पोरांना एकटं सोडू नका. तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणा, पाणपक्ष्यांच्या पायात अडकतो. लहान मासा ओल्या हातानं सोडून द्या, खायला मोठाच न्या, बारक्या रोहूत काटेच जास्त. आणि बर्फ वाईतच भरून घ्या.