कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरने बर्फ काढायचा तर

१२ फूट रुंद आणि २०० फूट लांब ड्राइव्हवेवर (रस्त्यापासून घरापर्यंतच्या खासगी वाटेवर) एका रात्रीत फूटभर बर्फ पडला, तर त्याचं वजन साधारण सात टन भरतं. हा झाला सरासरी बर्फ. मार्चमधला ओला, चिकट बर्फ याच्या दुप्पट जड असू शकतो. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजच्या आसपास, ऑन्टारियो सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात, हिवाळ्यात १०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. ढकलायला २५ ते ३५ एचपीचा ट्रॅक्टर बक्कळ झाला. खरी पंचाईत होते ती एवढा बर्फ ठेवायचा कुठे याची, आणि ती नोव्हेंबरातच सोडवावी लागते.

जमीन गोठायच्या आत ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना १५-२० फुटांवर चार फुटी फायबरग्लासच्या काठ्या रोवून घ्या. एकदा जमीन गोठली की काठी आत जात नाही. वाटेखालच्या पाण्याच्या मोरीच्या पाइपाची दोन्ही तोंडं, सेप्टिक टाकीचं झाकण, प्रोपेनची टाकी, टपालपेटी यांना वेगळ्या रंगाची काठी लावा. मग ढीग कुठे लावायचा ते ठरवा. या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या कडेला उंच ढीग लावला की त्याच्या आडोशाला उडता बर्फ साचतो, आणि हा आडोसा म्हणजे नेमका तुमचा ड्राइव्हवे. म्हणून ढीग पूर्वेला. पहिल्याच बर्फाला कडेच्या पलीकडे चार-पाच फूट मागे रेटून ठेवा, मग तो चार इंच का पडलेला असेना. कडेचे ढीग गोठून दगडासारखे होतात. डिसेंबरात आळस केला तर फेब्रुवारीत १२ फुटांचा रस्ता ८ फुटांवर येतो.

अवजारांत सुरुवात मागच्या ब्लेडने, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायच्या बर्फ खरवडणाऱ्या पात्याने करावी. स्वस्त, मोडायला फारसं काही नाही, आणि तीन पॉइंट लिंकेजला (ट्रॅक्टरमागच्या तीन दांड्यांच्या जोडणीला) पाच मिनिटांत लागतं. रुंदी मात्र हिशोबाने घ्या. सहा फुटी, म्हणजे ७२ इंची ब्लेड ३० अंशांत तिरकं केलं की प्रत्यक्षात ६२ इंचच साफ करतं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी ५८ इंच असेल, तर दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन इंच उरतात. टायरवर साखळ्या चढवल्या की तेही गेले. ट्रॅक्टर पेलत असेल तर सात फुटी घ्या. तिरकं केल्यावरही ते ७२ इंच देतं.

ब्लेडचं एक मोठं दुखणं आहे. लिंकेज वर-खाली करणारी लिफ्ट फक्त उचलते, खाली दाबत नाही. ब्लेड जमिनीवर टेकतं ते स्वतःच्या वजनाने, त्यामुळे घट्ट झालेल्या थरावरून ते सरळ घसरत जातं. त्यात चाकं ब्लेडच्या पुढे चालतात, म्हणजे बर्फ आधी दाबला जातो आणि मग खरवडला जातो. चाकोऱ्यांचे ते दोन पट्टे मग निघता निघत नाहीत. उपाय एकच, बर्फ चार-पाच इंच झाला की फेरी मारायची. फूटभर साठू देऊन एकदाच काढू म्हणणाऱ्याचं काम तिप्पट होतं.

खडीच्या ड्राइव्हवेवर ब्लेड १८० अंशांत उलटं फिरवा. फुगीर पाठ पुढे आली की धार खडीत रुतत नाही, वरून सरकत जाते. टॉप लिंक (जोडणीतला वरचा दांडा) लांब-आखूड करूनही धारेचा कोन बदलतो. पाव-पाव फेरा देत जुळवा. ब्लेडला खालचे शू (जमिनीवर घसरणारे टेकू) असतील तर ते इंचभर खाली सोडा. नसतील तर दोन इंची लोखंडी पाइप लांबीला चिरून धारेवर चढवतात, तोही छान चालतो. पहिल्या एक-दोन बर्फांत जमीन अजून मऊ असते. तेव्हा इंच-दीड इंच थर मुद्दाम राहू द्यावा. तो दाबला जाऊन गोठला की हिवाळाभर खडी जागेवर राहते. डांबरी रस्त्याला हे लाड नाहीत, धार सरळ टेकवा.

पुढच्या लोडरने (ट्रॅक्टरपुढच्या बकेटच्या हातांनी) ढीग मागे रेटायचे आणि उंच करायचे. जमिनीलगत चालवताना लोडरचा दांडा फ्लोटमध्ये (बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वर-खाली होते त्या जागी) ठेवा आणि बकेटचं तोंड किंचित वर. लोडर खाली दाबू शकतो, आणि नवशिक्याचा घात तिथेच होतो: दाब दिला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग जातं आणि बकेट खडी उकरते. गॅरेजच्या दारापासून बर्फ मागे ओढताना बकेट पूर्ण पालथी करू नका. तेव्हा सिलिंडरचे रॉड पूर्ण बाहेर आलेले असतात. धार कुठे फरशीच्या सांध्यात अडकली तर रॉड वाकतो, आणि तो सरळ होत नाही, बदलावाच लागतो.

आता पकड. आपल्याकडे नांगरणीआधी मागच्या चाकांत पाणी भरतात, ती युक्ती इथे विसरा. ते गोठतं. इथे बिटाच्या रसापासून केलेलं द्रव भरतात; ते गॅलनला जवळपास ११ पौंड भरतं (पाणी ८.३), गोठत नाही आणि रिमला गंजवत नाही. कॅल्शियम क्लोराइडही जड आणि स्वस्त, पण गळालं तर रिम खातं. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्या पातळीपर्यंत भरलं की टायर साधारण ७५ टक्के भरतो.

वजनाने भुसभुशीत बर्फ निभावतो, टणक बर्फाला साखळ्याच हव्यात. इंडस्ट्रियल टायर त्यावर साबणासारखे घसरतात. शेतीच्या खोल लगांच्या (टायरवरच्या उंच आडव्या पट्ट्यांच्या) टायरला साधी शिडीची साखळी घेऊ नका, तिच्या आडव्या कड्या लगांच्या फटीत बसून जातात. जाळीसारख्या विणीची घ्या. आधी मडगार्ड आणि टायरमधलं अंतर मोजा, आणि लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवून पुन्हा ताणा. उतारावर फोर व्हील ड्राइव्ह चालूच ठेवा. बहुतेक कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात; बकेट भरलेली असली की तीच चाकं हलकी होतात आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही. फोर व्हीलमध्ये पुढची चाकंही ट्रॅक्टर धरून ठेवतात.

ढीग लावायला जागाच उरली नाही, तर स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ लांब उडवणारं यंत्र. मागचा ब्लोअर ५४० आरपीएमच्या पीटीओवर (अवजाराला इंजिनाची ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर) चालतो आणि सगळं काम रिव्हर्समध्ये, मान वळवून. त्याचे शिअर बोल्ट मुद्दाम मऊ असतात. बर्फात दडलेला लाकडाचा ओंडका लागला की बोल्ट तुटावा, गिअरबॉक्स वाचावा. जागी कडक बोल्ट घालणाऱ्याला पुढचं बिल गिअरबॉक्सचं येतं. मॅन्युअलमधल्या ग्रेडचे अर्धा डझन बोल्ट टूलबॉक्समध्ये असू द्या. बर्फ बाहेर फेकणारी नळी तुंबली तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, आणि मग काठीने मोकळी करा. हात कधीच नाही.

सकाळी ट्रॅक्टर चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडला, तर बहुधा टाकीत उन्हाळ्यातलं डिझेल राहिलेलं असतं. साधं नंबर दोनचं डिझेल उणे १० सेल्सियसच्या आसपास मेण धरायला लागतं आणि फिल्टर तुंबतो. अँटी-जेल औषध आधी घालायचं असतं, मेण धरल्यावर त्याचा उपयोग नाही. ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) टायमरवर दोन-तीन तास आधी लावा. हायड्रॉलिक तेलही थंडीत मधासारखं दाट होतं, तेव्हा दार उघडं ठेवून दहा मिनिटं हलक्या रेसवर चालवून मगच पेडल दाबा. बंद शेडमध्ये मात्र चालवू नका, धुराने जीव जातो.

रस्त्याचं तोंड शेवटी. टाउनचा प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी) गेला की तिथे गच्च, ढेकळांचा बांध पडलेला असतो. घराकडून रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलात तर प्लाऊ डावीकडून येतो. त्या बाजूला रस्त्याकडेची दहा-पंधरा फूट जागा आधी मोकळी केली, तर त्याचा बराचसा बर्फ तिथेच पडतो. आपला ढीग उजवीकडे. बर्फ रस्त्यापलीकडे ढकलू नका, बऱ्याच ठिकाणी तो गुन्हा आहे. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताच्या महामार्ग कायद्यातही त्याला मनाई आहे.

काम झालं की बकेट आणि ब्लेड फळ्यांवर टेकवून ठेवा. थेट खडीवर ठेवलेलं ब्लेड रात्रीत जमिनीला चिकटतं आणि सकाळी लिफ्ट उचलायला गेलात तर लिंकेजवर सगळा ताण येतो. टाकीही तेव्हाच भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दव धरून डिझेलमध्ये पाणी होतं.